कोऱ्या बंदांविषयी भाचीस पत्र

देवास, फाल्गुन वद्य पंचमी

चिरंजीव भाचीस,



तुझी वही परवा पोचली. टपालाने न धाडता ती बाबांच्या हाती दिलीस हे बरे केलेस, कारण तिचे पोट इतके फुगले आहे की कोणत्याही लखोट्यात ती मावली नसती. ६४ पानांपैकी पहिली ११ आरसे, गोट्याच्या पट्ट्या, वाळू, जुन्या लुगड्याचे काठ आणि वर्तमानपत्राची कात्रणे ह्यांनी गच्च भरली आहेत आणि उरलेली ५३ कोरी आहेत. सोबतच्या चिठ्ठीत तू लिहितेस की, वही हातकागदाची व महागाची असल्यामुळे पुढचे पान बिघडेल ह्या धास्तीने आता हातच चालत नाही, तरी मावशी, तुला काय वाटते ते भीडभाड न ठेवता कळव.

तर ऐक. त्या ११ पानांत तुझी रंगांची जाण मला दिसली, वस्तू निवडण्याची नजरही दिसली. रेघ मात्र कोठे दिसली नाही. आरसा जेथे बसविला आहेस तेथेच तो का, दोन बोटे डावीकडे का नको, ह्याचे उत्तर त्या पानापाशी नाही आणि, तू रागावणार नाहीस म्हणून लिहिते, तुझ्यापाशीही नसावे. मिश्रमाध्यम म्हणतात ते करू नये असे मी म्हणत नाही. परंतु मिसळावयाच्या माध्यमांपैकी निदान एक तरी आधी हाताला वश झालेले असावे, आणि नक्षीच्या कामात ते माध्यम म्हणजे रेघ, व रेघेच्याही आधी ठिपका.

आजीने आम्हां दोघी बहिणींना धारच्या घराच्या ओसरीवर जे शिकविले ते हेच होते. चैत्रांगण रेखण्याआधी महिनाभर ती आमच्याकडून नुसते ठिपके घालून घेई: अकरा ते सहा. मधल्या ओळीत ११, तिच्या वर आणि खाली एकेक कमी करीत ६ पर्यंत, आणि प्रत्येक ठिपका अलीकडच्या ओळीतील दोन ठिपक्यांच्या मधोमध. एकंदर ९१ ठिपके पडले की षट्कोन आपोआप जमिनीवर उभा राहतो, आणि त्याच ९१ ठिपक्यांतून आज कमळ निघते तर उद्या कासव. एखादा ठिपका जवभर सरकला तर आजी काही बोलत नसे, फक्त रेघा जोडावयास सांगे. शेवटच्या पाकळीपाशी ती चूक आपल्या पायांनी चालत समोर येऊन उभी राही. रेघ ओढून झाल्यावर ठिपका दिसेनासा होतो खरा, पण नक्षीला उभे राहावयास जागा त्यानेच दिलेली असते. तुझ्या आरशांना ती जागा मिळालेली नाही.

म्हणून पहिले काम सांगते. एखाद्या रविवारी मांडवगडी जा आणि होशंगशहाच्या मकबऱ्यातील जाळीसमोर पेन्सिल घेऊन स्वस्थ बस. मोबाइलवर छायाचित्र काढून परत येऊ नकोस. जाळी तशीच्या तशी उतरवावी असेही माझे म्हणणे नाही. तिचे ठिपके कोठे असतील, ती चौरसावर बसविली आहे की षट्कोनावर, एक घर कोठे संपते व दुसरे कोठे सुरू होते, एवढेच शोधून काढ आणि तेवढेच वहीत मांड. १६५९ साली शहाजहानच्या पदरचे चार वास्तुविशारद, ज्यांत उस्ताद हमीद होते, हा पंधराव्या शतकातील मकबरा पाहावयास मुद्दाम आले होते आणि तसा लेख त्याच्या दारावर आहे. ज्यांना कोणाकडून काही शिकण्याची गरज उरली नव्हती अशी माणसे दुसऱ्याचे काम पाहावयास एवढी वाट चालून आली, ही गोष्ट तेथे बसल्यावर ध्यानात असू दे. १९२१ साली नंदलाल बोस, असितकुमार हालदार आणि सुरेंद्रनाथ कर हे तिघे ग्वाल्हेर दरबारासाठी बाघच्या लेण्यांतील भित्तिचित्रांच्या नकला करावयास आले, तेही असेच भिंतीपुढे ठाण मांडून बसले. मूळ चित्रे पुढे फार झिजली. आज ती कशी होती हे कळावयास त्या नकलांचा आधार घ्यावा लागतो.

बाघला गेलीस तर लेण्यांबरोबरच गावातील खत्री मंडळींच्या कारखान्यातही थोडा वेळ काढ. लाकडी ठसा रंगात बुडवून कापडावर टेकविताना कारागिराची नजर ठशाच्या मध्यावर नसते, ती आधीच्या छापाच्या कडेवर असते. तो कोपऱ्याला कोपरा लावतो, तळहाताच्या मागच्या भागाने ठशावर एक ठोका देतो, आणि दहा हात कापड छापून झाले तरी दोन छापांमधला सांधा तुला सापडत नाही. आवर्तनाच्या नक्षीत सगळी अक्कल सांध्यात असते. खोडरबरावर एक पान कोरून घरीच ठसा कर आणि तो एका पानावर शंभर वेळा उमटव. पहिल्या वीस छापांत तू फुलाकडे पाहशील, पुढे पुढे फुलांच्या मधल्या पांढऱ्या जागेकडे पाहू लागशील, आणि त्या दिवशी मला पत्र लिही. तिकडे जाणे न जमल्यास खिशातल्या नोटेवर भिंग धर. आमच्या देवासला १९७४ पासून नोटा छापण्याचा सरकारी कारखाना आहे, आणि नोटेवरच्या त्या केसाएवढ्या लहरी एकमेकींना छेदीत जाताना कोठेही गुंतत नाहीत, हे पाहिल्यावर हात हलका ठेवणे म्हणजे काय ते वेगळे सांगावे लागत नाही.

रेघेचा खरा गुरू मात्र तुझ्या शेजारच्या माळवी घरांत आहे. दिवाळीत सारवलेल्या जमिनीवर मांडणे काढणारी बाई कशी बसते ते नीट पाहा: खडीच्या पाण्यात भिजविलेला चिंधीचा बोळा तळहातात धरलेला असतो, हळूहळू मूठ दाबली जाते, आणि ते पांढरे पाणी अनामिकेवरून ओघळत बोटाच्या टोकाशी येते, मूठ जास्त दाबली तर डाग पडतो, कमी दाबली तर रेघ तुटते. तेथे खोडणे नाही. गेरू आणि खडी, दोन रंग, एक बोट, आणि पुसण्याची सोय नसल्यामुळे आलेला ठामपणा. माझ्या शाळेतील मुलींकडून मी तीस वर्षे पेन्सिलीने आधी आखून घेत असे. तो क्रम चुकीचा होता असे आता वाटते. तू थेट शाईने काढ.

आता चिकटविण्याविषयी. पितृपक्षात तुम्ही मुली भिंतीवर संजा करता, तिच्यापेक्षा सुरेख मिश्रमाध्यम मी पाहिलेले नाही. शेण हीच तिची रेघ आणि शेण हाच तिचा डिंक. ते ओले असेतो पाकळ्या दाबावयाच्या, वाळले की उशीर झाला. म्हणजे एका द्रव्याने आकृती धरावयाची आणि दुसऱ्याने तिच्यावर रंग भरावयाचा, अशी कामाची वाटणी तेथे झालेली असते. चमकीचा कागद आला तरी तो किल्लाकोटाच्या दिवशी, आणि तोही एखाद्या दारापुरता. तुझ्या सातव्या पानावर आरसा, वाळू आणि गोटा ही तिन्ही एकाच वेळी बोलत आहेत. त्यांतले एक ठेव, आणि ते का ठेवलेस हे पानाच्या पाठीमागे एका ओळीत लिहून ठेव. लिहिता आले नाही तर तेही काढ.

शाईबद्दल मात्र माझ्या हातून घडलेली एक गोष्ट सांगितली पाहिजे, म्हणजे तुझा कागद तरी वाचेल. ऐन विशीत मी बाघचा काळा रंग पाहून आले. लोखंडाचा गंज आणि गूळ आंबवून तो करतात हे ऐकले, आणि तसल्याच काळ्याच्या हव्यासाने घरी हिरडा उकळून त्यात हिराकस घातला. शाई अप्रतिम झाली. बोरूने काढताना फिकट दिसे आणि वाळता वाळता डोळ्यांदेखत काळी होत जाई. त्या शाईने मी एक संपूर्ण वही जाळ्यांनी भरली, कापडात गुंडाळून ट्रंकेत ठेवली आणि संसारात ती विसरून गेले. पुष्कळ वर्षांनी उघडली तेव्हा रेघांच्या कडा तपकिरी झाल्या होत्या. पान उचलले तर रेघा जागच्या जागी चिरत गेल्या आणि मधली चौकोनी घरे सुटून मांडीवर पडली. हिराकसाच्या शाईतले आम्ल कागदाला आतून खात असते, आणि जेथे शाई दाट तेथे आधी खाते. सतरंजीवर विखुरलेले ते तुकडे गोळा करून मी एका डबीत ठेवले आहेत. येशील तेव्हा दाखवीन. ह्याउलट काजळ आणि बाभळीचा डिंक घोटून केलेल्या शाईने लिहिलेले पेशवाईतील कागद आजही दफ्तरांत काळेभोर आहेत, कारण काजळ कागदावर नुसते बसते, त्याला खात नाही. बाजारची शाई घ्यावयाची तर काजळाची आणि वाळल्यावर पाण्याने न हलणारी घे, म्हणजे वरून जलरंग फिरविता येईल. मेणाच्या खडूने आधी नक्षी काढून वरून पातळ रंग सोडलास तर रेघ कोरी राहते. ह्या युक्तीने एक पंधरवडा सहज जाईल.

आणि वही तू स्वतः बांध. दुकानची वही संपेपर्यंत वापरच; पण पुढची वही तुझ्या हातची असली पाहिजे, कारण जो बंद आपण घडी घालून टोचला आहे तो किती सोसेल हे बोटांना ठाऊक असते. पुण्याचा हातकागद मिळाला तर उत्तम. आधी कोपऱ्यावर पाण्याचा थेंब टाकून पाहा; थेंब पसरून आत शिरला तर कागद कच्चा आहे, त्याला भाताच्या पातळ पेजेचा हात दे, सावलीत वाळव आणि गुळगुळीत कवडीने घोट. दौलताबादचा कागद आपल्या जुन्या दफ्तरांत नावाजलेला आहे तो अशा घोटाईमुळेच. मग चार-चार बंद एकात एक घालून जुज कर, घडीवर दाभणाने पाच भोके पाड, दोऱ्याला मेण लाव, आणि एक जुज शिवून झाले की दुसऱ्याशी गाठ मार. खळीत चिमूटभर मोरचूद टाकलास तर कसर लागत नाही. चिमटीपेक्षा अधिक नको. तुझी वही का फुगली तेही येथेच कळेल: पानांवर चढविलेल्या वस्तूंची जाडी पाठीकडे नाही, फक्त पुढे आहे, म्हणून ती मगरीसारखी आ वासून पडते. ज्या जुजात कात्रणे चिकटवावयाची असतील त्यात शिवतानाच पानांच्या मध्ये बोटभर रुंदीच्या कागदी पट्ट्या घाल. जेवढी भर पुढे येणार तेवढी जाडी पाठीला आधीच मिळते आणि वही सपाट मिटते. एवढी साधी गोष्ट मला एका म्हाताऱ्या बांधणीवाल्याने दाखविली, तोवर माझ्याही वह्या दोऱ्याने आवळून ठेवाव्या लागत.

राहिली ती पहिल्या पानाची भीती. आजोबा संस्थानच्या दफ्तरात रोजकीर्द लिहीत असत. रोजकिर्दीचे पान फाडण्याची मुभा नसे. रकम चुकली तर तिच्यावर एक आडवी रेघ मारावयाची, बाजूला दुरुस्त रकम लिहावयाची, आणि चुकीची रकमही वाचता आली पाहिजे. ते वहीला कधी घाबरलेले मी पाहिले नाही. ती रोज भरावयाची होती आणि ते रोज भरीत. तुझ्या ५३ पानांना हाच कायदा लाव. रोज एक पान, डोक्यावर तिथी किंवा तारीख, बिघडले तरी जागच्या जागी राहील. गायक कुमार गंधर्व १९४८ साली देवासला आले ते आजारी होते, गाणे बंद होते. त्या काळात माळव्यातल्या बायकांची गाणी कानांवर पडत ती ते टिपून घेत राहिले, आणि पुढे त्यांच्या हातून जे नवे राग आले त्यांतल्या कित्येकांचे मूळ त्या धुनांत होते. टिपताना ह्यातून काय निघेल हे त्यांनी विचारले असेल असे मला वाटत नाही.

वही परत पाठवीत आहे. सातव्या पानावरच्या वाळूला मी हात लावलेला नाही, तो निर्णय तुझा. सोबत घोटलेले बारा बंद, एक दाभण आणि मेणाचा गोळा आहे; दोरा आईकडून घे, तिच्या शिवणाच्या डब्यात जाड पांढरे रीळ असते. चैत्र शुद्ध तृतीयेला गौर बसेल. अंगण ह्या वर्षी तूच रेखावेस अशी माझी इच्छा आहे, तेव्हा दोन दिवस आधी ये, आणि येताना ९१ ठिपक्यांची निदान दहा पाने भरून आण. आईला नमस्कार, बाबांना सांग की डब्यातले लाडू पोचले.

तुझी
मावशी