पान्यावर नाव कोणाचं?

प्रश्न : माझा मुलगा यंदा मुलुंडच्या आयटीआयमध्ये फिटर ट्रेडला लागला. वर्कशॉपमध्ये हत्यारं मिळतात, पण स्वतःचा एक संच असावा असं त्याला वाटतं, मलाही वाटतं. मागच्या महिन्यात स्टेशनबाहेरून पान्यांचा संच आणला. पंधरा दिवसांत दोन पान्यांची तोंडं फाकली. खोकं पुन्हा पाहिलं, तर माल कुठे बनला ते कुठेच लिहिलेलं नाही. आता आपल्या देशात बनलेलीच हत्यारं घ्यायची असं ठरवलं आहे. ती ओळखायची कशी, मिळतात कुठे आणि खरंच टिकतात का? बूट-गॉगलचंही सांगावं.
— एक वाचक, मुलुंड (पूर्व)

उत्तर : टिकतात. नीट निवडलेली देशी पक्कड किंवा पाना तुमच्या मुलाच्या हातात दोन वर्षांचा कोर्स पुरा करेल आणि पुढे नोकरीतही बरीच वर्षं त्याच्याबरोबर राहील. हातहत्यारांच्या बाबतीत देशी माल घेण्यासाठी दर्जाशी तडजोड करावी लागत नाही. यात देशप्रेमाने डोळे झाकण्याचा भाग नाही, रोज हत्यारं वापरणारे लोक हेच सांगतात. अंधेरीच्या एमआयडीसीतल्या किंवा साकीनाक्याच्या एखाद्या गाळ्यात जाऊन तिथल्या मेस्त्रींची पेटी उघडून पाहा. निम्म्याहून अधिक हत्यारांवर भारतीय नावं दिसतील.

ती फार लांबूनही आलेली नसतात. पक्कड म्हटलं की ज्यांचं नाव पटकन तोंडात येतं त्या तापडिया टूल्सचा कारखाना नाशिकच्या सातपूरला, त्र्यंबक रस्त्यावरच्या एमआयडीसीत आहे. एका स्वीडिश कंपनीच्या तांत्रिक सहकार्याने त्यांनी १९६९ मध्ये हातहत्यारं बनवायला सुरुवात केली. मुलगा पहिल्या वर्षी ज्याच्यावर सर्वांत जास्त घाम गाळणार आहे ती कानस बहुधा कोकणातली असेल. जेके फाइल्सचे कारखाने रत्नागिरीत आणि चिपळूणला आहेत, आणि कानशी बनवणाऱ्या जगातल्या मोठ्या कंपन्यांत तिची गणना होते. पाने, हातोड्या आणि शिकंजे यांचा मोठा भाग पंजाबातून, जालंधर-लुधियानाकडून येतो. जालंधरला तर केवळ हातहत्यारांसाठी केंद्र सरकारची एक संस्था आहे. संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाच्या मदतीने ती १९८३ मध्ये उभी राहिली. मोजायची टेप घ्याल तर फ्रीमन्स लुधियानाची. हातोडी-पकडींसाठी राजस्थानातलं नागौरही नावाजलेलं आहे. फावडं, टिकाव, पहार हवी असेल तर टाटा अॅग्रिको.

आता ओळखायचं कसं ते सांगतो. इथे थोडा वेळ द्या, कारण फसगत इथेच होते.

आधी खोकं पाहा. बंद पाकिटातल्या मालाबद्दल २०११ चे वैधमापनाचे नियम आहेत. त्यांनुसार बनवणाऱ्याचं, भरणाऱ्याचं किंवा आयात करणाऱ्याचं नाव आणि पूर्ण पत्ता, महिना-वर्ष, सर्व करांसह कमाल किंमत आणि तक्रारीसाठी संपर्क छापलेला असावा लागतो. माल आयात केलेला असेल तर मूळ देशही लिहावा लागतो. शब्द नीट वाचा. नाव भारतीय वाटलं, पत्ता मुंबईचा असला, तरी त्याच्या आधी ‘मार्केटेड बाय’ किंवा ‘इम्पोर्टेड बाय’ असेल तर ती कंपनी विकणारी आहे, घडवणारी असेलच असं नाही. उलट, परदेशी नावाची काही हत्यारं आपल्याकडेच घडतात. तेव्हा ब्रँड कुठला यापेक्षा माल कुठे घडला हे विचारा. ऑनलाइन घेणार असाल तर २०२० च्या ई-कॉमर्स नियमांप्रमाणे मूळ देश त्या पानावर दिसायला हवा. नसेल तर तो माल घेऊ नका.

मग हत्यार हातात घ्या. घडाई केलेल्या, म्हणजे लालबुंद तापवलेलं पोलाद साच्यात ठोकून केलेल्या पान्यावर बनवणाऱ्याचं नाव आणि माप बहुधा अंगातच उठलेलं किंवा खोल ठसवलेलं असतं. नखाने ते जाणवतं. पत्र्यातून कापून, वर चकचकीत मुलामा देऊन केलेल्या पान्यावर नुसती छपाई असते, आणि कडांवर अंगठा फिरवला तर त्या बोचतात. तुमचे फाकलेले पाने याच जातीचे असावेत. पोलादाला नीट पाणी दिलेलं नसलं की पाना नटच्या कोपऱ्यांवरून सरकतो, तोंड उघडतं आणि पाठोपाठ नटही गोल होतो.

हे नाव अंगावर असण्याला मी इतकं महत्त्व का देतो? त्याचा इतिहास तुमच्या उपनगराच्या वाटेवरच आहे. घाटकोपर सोडलं की लोकल विक्रोळीत येते, ती गोदरेजची विक्रोळी. आर्देशीर गोदरेज यांनी कुलुपांच्या आधी शस्त्रक्रियेची हत्यारं बनवायला घेतली होती, मुंबईतल्या एका इंग्रजी पेढीसाठी. दर्जा त्या पेढीला पसंत होता. प्रश्न उभा राहिला तो ठशाचा. हत्यारांवर ती भारतात बनल्याचं लिहावं असा आर्देशीरांचा आग्रह होता, आणि तसं लिहिलं तर माल खपणार नाही असं पेढीच्या मालकाचं म्हणणं. आर्देशीरांनी माघार घेतली नाही. धंदा बंद झाला. मग १८९७ मध्ये लालबागला एका छोट्या शेडमध्ये त्यांनी कुलुपं बनवायला सुरुवात केली. हत्यारावर कोणाचं नाव असावं यासाठी एका माणसाने चालता धंदा सोडला होता, हे तुमच्या मुलाला जरूर सांगा.

दुकानात करायच्या दोन-तीन परीक्षा. जाताना खिशात एम ८ चा एक बोल्ट ठेवा. त्याच्या डोक्याला १३ चा पाना बसतो. एम ६ चा असेल तर १० चा. पाना अडखळत नाही आणि खुळखुळतही नाही, असा बसला पाहिजे. पक्कड मिटवून उजेडासमोर धरा. कापणारी धार शेवटपर्यंत मिळालेली हवी, मधून फट दिसता कामा नये. सांध्यात आडवी हालचाल नको, पण बोटाच्या जोराने ती सहज उघडली पाहिजे. हातोडीचं डोकं दांड्यात घट्ट बसलेलं आहे का आणि पाचर नीट आत गेली आहे का, ते पाहा. डोक्यावर दुसरी हातोडी मारून बघणारे काही लोक असतात. तसं कधीही करू नका, दोन्ही तोंडं टणक असल्याने कपचा उडून डोळ्यात जातो.

आणि मानकांचा क्रमांक शोधा. पकडीसाठी आयएस ३६५०, स्क्रू ड्रायव्हरसाठी आयएस ८४४, हातोडीसाठी आयएस ८४१. आयएसआयच्या खुणेवर वर मानकाचा क्रमांक आणि खाली ‘सीएम/एल’ने सुरू होणारा परवाना क्रमांक असतो. तो ‘बीआयएस केअर’ या मोबाइल अॅपमध्ये टाकला की परवाना कोणाचा आहे आणि चालू आहे का ते तिथेच कळतं. माझा आग्रह आहे की दुकानातच तपासा. गाजलेल्या देशी नावांची नक्कल बाजारात फिरते आणि ती करणारे खूणही छापतात, पण खरा क्रमांक आणि त्यामागचा पत्ता जुळवणं त्यांना जमत नाही. भारतीय मानक ब्युरोचं पश्चिम विभागाचं कार्यालय मुंबईतच आहे. खोट्या खुणेची तक्रार तिथेही करता येते. बाकी ग्राहक तक्रारींसाठी १९१५ हा राष्ट्रीय क्रमांक आहे.

एक गोष्ट जिवाशी खेळणारी आहे म्हणून वेगळी सांगतो. पकडीच्या दांड्यांवर जाड प्लास्टिक असलं म्हणून ती विजेच्या कामाची होत नाही. ते आवरण मुठीच्या सोयीसाठी असतं. चालू लाइनजवळच्या कामासाठीची हत्यारं वेगळी तपासलेली असतात. त्यांवर दोन त्रिकोणांची खूण, १००० व्होल्टचा आकडा आणि आयईसी ६०९०० हे मानक ठसवलेलं असतं. फिटरला आज त्याची गरज नाही, पण घरात हत्यारं आली की शेजारपाजारचे स्विच दुरुस्त करायला बोलावतात. मुलाला आधीच सांगून ठेवा की मेन बंद केल्याशिवाय हात लावायचा नाही.

संच एकदम घेऊ नका. शंभर नगांची चकचकीत पेटी पाहायला छान वाटते, पण त्यातली वीससुद्धा तो वापरणार नाही. फिटरच्या पहिल्या वर्षाला लागतं ते थोडं आणि नेमकं : पोलादी पट्टी, गुण्या, डिव्हायडर, स्क्रायबर, सेंटर पंच, सपाट छिन्नी, अर्ध्या किलोची बॉल पेन हातोडी, हॅक्सॉची फ्रेम, एक पक्कड आणि कानशी. कानशींवर पैसे वाचवू नका. आणि त्या पेटीत एकमेकींवर टाकून ठेवू नका, दात दातांवर घासून बोथट होतात. प्रत्येकीला कापडाचा वेगळा कप्पा शिवून द्या. मापनाच्या साधनांत मात्र मी देशी-परदेशी असा हट्ट धरणार नाही. पुण्याच्या बेकर गेजेसची डायल गेज उत्तम असतात, पण व्हर्नियर किंवा मायक्रोमीटर घेताना अचूकतेचं प्रमाणपत्र आधी पाहावं, देश नंतर.

बुटांकडे येतो. आपल्याकडे नाक्यावर उभे राहणारे कितीतरी कारागीर चपलेवर ड्रिल मारतात, छिन्नी चालवतात. ते पाहून पोटात कालवतं. मुलाला पहिल्या दिवसापासून बुटांची सवय लावा. मानक आहे आयएस १५२९८, पण त्याचा भाग कोणता ते वाचा. भाग २ म्हणजे सेफ्टी बूट, ज्याच्या पुढच्या टोपीने २०० जूलचा आघात सोसला पाहिजे. साध्या हिशेबात, वीस किलोचं वजन एक मीटर उंचीवरून पडलं तर जेवढा आघात होतो तेवढा. भाग ३ च्या बुटांना याच्या निम्मी कसोटी असते आणि भाग ४ मध्ये टोपीची अटच नाही. तिन्ही बूट बाहेरून सारखेच दिसू शकतात. हेल्मेटसाठी आयएस २९२५, गॉगलसाठी आयएस ५९८३. या मालातही भारतीय कंपन्या खंबीर आहेत. लखनौकडे कारखाने असलेली करम, कोलकात्याची मॅल्कम, आणि मास्कसाठी नवी मुंबईची व्हीनस. बूट संध्याकाळी विकत घ्या, तेव्हा पाय थोडे फुगलेले असतात आणि माप खरं मिळतं. हातमोजे घ्याच, पण ड्रिल मशीनवर किंवा लेथवर ते घालायचे नाहीत. फिरत्या भागात मोजा अडकला की हात ओढला जातो.

खरेदीसाठी मी तुम्हाला नागदेवी स्ट्रीटला पाठवेन. मुलुंडहून धिमी लोकल पकडा, मस्जिदला उतरा, पश्चिमेकडे चालत जा. अख्ख्या मुंबईच्या कारखान्यांना हत्यारं पुरवणारा हा बाजार आहे. कामाच्या दिवशी आणि सकाळी जा, दुकानदाराला बोलायला सवड असते. पक्कं बिल मागा, त्यावर कंपनीचं नाव आणि मॉडेल लिहून घ्या. ते नसेल तर बदलून मिळण्याचा प्रश्नच येत नाही. तेवढं लांब जायचं नसेल तर साकीनाक्याच्या किंवा लालबहादूर शास्त्री मार्गावरच्या जुन्या हार्डवेअर दुकानांत, जिथे प्लंबर-फिटर उधारीवर माल नेतात, तिथे घ्या. रोज येणाऱ्या कारागिराला वाईट पाना विकून त्या दुकानदाराचं चालत नाही.

याच लालबहादूर शास्त्री मार्गावर, भांडुप ते मुलुंड, सीएट, जीकेडब्ल्यू, रिचर्डसन अँड क्रूडास यांच्या कारखान्यांत फिटरांच्या पिढ्या घडल्या. आज त्या रस्त्यावर मॉल आणि टॉवर वाढले आहेत, पण फिटरची गरज संपलेली नाही. लिफ्ट, मेट्रो, पंप, इमारतींची देखभाल, सगळीकडे तो लागतो. तुमच्या मुलाने निवडलेलं काम चांगलं आहे.

नागदेवीला जाताना त्याला बरोबर न्या. बोल्ट त्याच्या खिशात ठेवा आणि पाने त्यालाच निवडू द्या.