अलिबागहून परळला: लाँच, रो-रो की एसटी?

प्रश्न : आईला (वय ७२, गुडघेदुखी) तपासणीसाठी अलिबागहून परळच्या रुग्णालयात न्यायचे आहे. कसे जावे?

उत्तर : आईंचे गुडघे पाहता मांडवा ते भाऊचा धक्का ही रो-रो बोट घ्या. गाडी नसली तरी तिकीट मिळते, तासाभरात पलीकडे. गेटवेची लाँच स्वस्त, शिवाय तिच्या तिकिटात अलिबाग-मांडवा बसही येते. पण गेटवेला उतरताना हलत्या लाँचमधून ओल्या दगडी पायऱ्यांवर पाय टाकावा लागतो, कधी मध्ये दुसरी लाँच ओलांडावी लागते. गुडघेदुखीत हे नकोच. भाऊच्या धक्क्यावरून परळला टॅक्सीच करा. डॉकयार्ड रोडची लोकल जवळ असली तरी जिने चढायला लावते.

मांडवा अलिबागपासून सुमारे वीस किलोमीटर. रिक्षा आदल्या दिवशीच ठरवा. पावसाळ्यात गेटवेच्या लाँच बंद असतात, रो-रोही हवामान बिघडले की रद्द होते. म्हणून निघण्यापूर्वी फोन करून खात्री करा.

एसटी पेण-पनवेलमार्गे, साधारण शंभर किलोमीटर. वडखळला कोंडी झाली तर वेळेचा भरवसा नाही. बोट रद्द झाली तरच एसटी धरा, आणि तीही पहाटेची.