पडीक जमीन आणि सम्राट

पाबळला इतिहास शिकवायचा म्हणजे पोरांच्या डोक्यात आधीच मस्तानीची समाधी आणि बाजीराव बसलेले असतात. सातवाहन वगैरे मंडळी परीक्षेपुरती. ती समजावता समजावता जे हाती लागलं ते सांगतो.

१. आधी घाट दाखवा, सनावळ्या मागून. जुन्नरच्या पुढे नाणेघाटाच्या तोंडाशी उभं राहिलं की खाली कोकण पसरलेलं दिसतं. कल्याण-सोपाऱ्याच्या बंदरांतला माल याच वाटेनं वर चढून जुन्नर, पैठणकडे जायचा. घाटातल्या लेण्यात सातवाहनांच्या नागनिका राणीच्या लेखात अश्वमेधाचा उल्लेख आहे, दान दिलेल्या गायी आणि कार्षापण नाण्यांचे आकडे आहेत. एवढं दान करायला पैसा कुठून आला, हे घाटाखाली बघितलं की पोरं आपणहून सांगतात.

२. पुतळ्यांचा भरवसा नाही. त्याच लेण्यात सिमुक, सातकर्णी या सातवाहन राजांच्या मूर्ती होत्या. आता नावं आणि पावलांच्या खुणा तेवढ्या शिल्लक आहेत.

३. राज्य बदललं की नाणं बघावं. जुन्नर एके काळी क्षत्रप नहपानाकडे होतं. मानमोडीच्या लेण्यात त्याच्या अयम नावाच्या अमात्याचा लेख आहे, वर्ष ४६. सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीनं नहपानाचा पाडाव केला. नाशिक जिल्ह्यात जोगळटेंभीला नहपानाची तेरा हजारांवर चांदीची नाणी सापडली, त्यांतल्या नऊ हजारांवर नाण्यांवर गौतमीपुत्राचा ठसा आहे. शत्रूचं नाणं त्यानं तसंच राहू दिलं आणि वर आपली मोहोर उमटवली. बाजार चालू राहिला. मला हा माणूस लढायांपेक्षा इथं जास्त हुशार वाटतो.

४. आता सगळ्यात महत्त्वाचं. नाशिकच्या पांडवलेण्यांत, तीन क्रमांकाच्या लेण्यात, गौतमीपुत्राच्या कारकिर्दीतले दोन छोटे लेख आहेत. पहिला वर्ष १८ चा, लष्करी छावणीतून गोवर्धनच्या अमात्याला धाडलेला हुकूम: पश्चिम काखडी गावातलं, पूर्वी नहपानाच्या जावयाकडे, उषवदाताकडे असलेलं २०० निवर्तनं (जमिनीचं जुनं माप) शेत भिक्षूंना द्यावं, सैनिकांनी त्यात पाऊल टाकू नये, कुणी तिथं मीठ खणू नये. हुकूम कडक आहे, आणि शेतही युद्धात नुकतंच हाती आलेलं.

वर्ष २४ चा लेख त्याचीच पुढची गोष्ट सांगतो. त्या शेतात नांगर चालत नाही, गावात वस्ती नाही. म्हणून राजा आणि राजमाता नगराच्या हद्दीवरच्या राजाच्या मालकीच्या जमिनीतली १०० निवर्तनं देतात. सम्राटाचं दान सहा वर्षांत निरुपयोगी ठरलं, कारण कसायला माणूसच नव्हता. गंमत म्हणजे ही कबुली त्यानं दगडावर कोरून ठेवू दिली! आमच्या पोरांना हे कुठल्याही विजयापेक्षा लवकर कळतं. पडीक रान म्हणजे काय, हे शिरूर तालुक्यात कुणाला शिकवावं लागत नाही.

५. सगळं राजामुळेच होतं असंही नाही. याच तालुक्यात घोड नदीकाठी इनामगाव आहे. डेक्कन कॉलेजच्या संशोधकांनी १९६८ ते १९८३ मध्ये तिथं उत्खनन केलं. सुमारे इ.स.पू. १६०० पासून ती वस्ती होती. चांगल्या दिवसांत चौकोनी घरं, कालवा, सातूचं पीक. पाऊसमान बिघडल्यावर त्याच जागी गोल झोपड्या आल्या, आणि इ.स.पू. ७०० च्या सुमारास गाव उठलं. सातवाहन तेव्हा जन्मालाही आले नव्हते.

६. शेवट शोधताना लढाई शोधत बसू नका. इ.स.च्या तिसऱ्या शतकात सातवाहनांचं राज्य तुकड्यातुकड्यांनी इतरांकडे गेलं: नाशिककडे आभीर, आंध्रात इक्ष्वाकू, दक्षिणेत चुटू. पेशवाईतले शिंदे, होळकर, गायकवाड आठवले की पोरं मान डोलावतात.

नाशिकला गेलात तर गौतमीपुत्राच्या आईचा, गौतमी बलश्रीचा मोठा लेख कुणीही दाखवील. त्याच लेण्याच्या ओसरीत, छताखालच्या भिंतीवर, ते दोन छोटे लेख आहेत. तिथं पाच मिनिटं जास्त थांबा.