किती मुले, केव्हा आणि कोणत्या मार्गाने?



२००७ साली सातारा जिल्हा परिषदेने एक योजना काढली होती. लग्नानंतर पहिले मूल दोन वर्षे लांबवणाऱ्या जोडप्याला ५,००० रुपये आणि तीन वर्षे लांबवणाऱ्याला ७,५०० रुपये. लोकांनी तिला ‘हनिमून पॅकेज’ म्हणून हसण्यावारी नेले. परंतु तिच्यामागचा प्रश्न हसण्यासारखा नव्हता. लवकर लग्न, वर्षाच्या आत पाळणा, आणि अंगात पुरते रक्त नसलेली कोवळी आई हे चित्र सातारा-सांगलीकडच्या खेड्यांना परके नाही.

पैसे मिळाले तर थांबायला कारण मिळते. पण कसे थांबायचे आणि त्याचे ओझे कोणी वाहायचे, हे प्रत्येक घराला स्वतःच ठरवावे लागते. विवाहपूर्व मार्गदर्शनात आम्ही हा विषय काढला की वधू-वर दोघेही खाली मान घालून बसतात. मग वर्ष-दोन वर्षांनी मिस्सा संपल्यावर एखादी सून मागे थांबते आणि हळूच विचारते, “फादर, दुसरं इतक्यात नको आहे. मी काय करू?” नवरा तेव्हा बाहेर मोटारसायकलपाशी उभा असतो. “आम्ही काय करू?” असे विचारणारी जोडपी फार थोडी. आजचा पाठ या ‘मी’ आणि ‘आम्ही’मधील अंतराविषयी आहे.

१. ख्रिस्तसभा काय शिकवते?

“देव देईल तितकी मुले घ्यावीत, असे चर्च सांगते,” असा पुष्कळांचा समज आहे. तो बरोबर नाही. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ साली स्पष्ट सांगितले, की मुलांविषयीचा निर्णय पती-पत्नींनी स्वतः, देवासमोर, एकमताने घ्यावा. आणि तो घेताना आपले व मुलांचे हित आणि घरची परिस्थिती ध्यानात घ्यावी. पोप सहावे पॉल यांनी २५ जुलै १९६८ च्या ‘हुमाने विते’ या परिपत्रकात जबाबदार पालकत्वाची शिकवण मांडली. योग्य कारण असेल तर दोन मुलांत अंतर ठेवता येते, आणि त्यासाठी स्त्रीच्या शरीरातील वंध्य दिवसांचा आधार घेता येतो. मूल होऊ नये म्हणून वापरलेली कृत्रिम साधने व नसबंदी यांना ख्रिस्तसभेने मान्यता दिलेली नाही. गर्भपात तर कोणत्याही अर्थाने नियोजन नव्हे.

ही शिकवण अनेकांना जड वाटते, आणि आपल्या धर्मग्रामातही सर्वांचा मार्ग तसा नाही, हे आम्ही जाणतो. हा लेख कोणाचा न्याय करण्यासाठी लिहिलेला नाही. समजून न घेता निवड होऊ नये, एवढ्यासाठी तो आहे.

२. नैसर्गिक पद्धत चालते कशी?

स्त्रीबीज बाहेर पडल्यावर जेमतेम एक दिवस जिवंत असते. पुरुषबीज मात्र स्त्रीच्या शरीरात पाच दिवसांपर्यंत टिकू शकते. म्हणजे एका पाळीचक्रात गर्भ राहू शकेल असे दिवस मोजकेच. ते ओळखायचे कसे, हे ऑस्ट्रेलियातील डॉ. जॉन बिलिंग्ज यांनी १९५० च्या दशकात शोधण्यास सुरुवात केली. पुढे त्यांच्या पत्नी डॉ. एव्हलिन यांनी त्यांना साथ दिली. पाळीनंतर काही दिवस कोरडे जातात. मग स्राव दिसू लागतो, आणि तो कच्च्या अंड्याच्या पांढऱ्या बलकासारखा पारदर्शक व निसरडा होतो. निसरडेपणाचा शेवटचा दिवस हा शिखराचा दिवस. स्राव सुरू झाल्यापासून शिखरानंतरचे तीन दिवस संपेपर्यंत सहवास टाळायचा. पाळीनंतरच्या कोरड्या दिवसांतही एक दिवसाआड, आणि तोही रात्रीच, असा नियम आहे. रोजची नोंद रोज करायची.

“आमच्या बायकांना हे जमणार नाही,” असे म्हणणाऱ्यांसाठी सांगतो: जागतिक आरोग्य संघटनेने १९७० च्या दशकाच्या अखेरीस पाच देशांत याची पाहणी केली. त्यात आपले बंगळूरही होते. पहिल्याच चक्रात नव्वद टक्क्यांहून अधिक स्त्रियांना ही खूण ओळखता आली.

बाळंतिणीसाठी आणखी एक आधार आहे. बाळ सहा महिन्यांच्या आतले असेल, पाळी परत आलेली नसेल, आणि बाळ दिवसरात्र केवळ अंगावर पीत असेल, तर गर्भ राहण्याची शक्यता शंभरात दोनच्या आसपास असते. यातील एक अट सुटली की हा आधारही सुटला.

३. भरवसा किती?

येथे लपवाछपवी करणे म्हणजे फसवणूक ठरेल. वर्षभरात शंभर जोडप्यांमागे किती जणींना नको असताना दिवस जातात, ते पाहू. तांबी किंवा स्त्रीचे ऑपरेशन यांत एकीहून कमी. रोजच्या गोळ्यांत, नेहमीच्या चुकांसह, सुमारे सात. निरोधमध्ये सुमारे तेरा. नैसर्गिक पद्धतींत हा आकडा पद्धतीप्रमाणे दोनपासून तेवीसपर्यंत जातो. हा मोठा फरक बहुतेक शिकण्यातला आणि पाळण्यातला आहे. कॅलेंडरवर अंदाजाने खुणा करणे म्हणजे ही पद्धत नव्हे. ती जाणकाराकडून शिकावी, आणि पहिला महिना फक्त निरीक्षण करावे. ज्या मातेला पुन्हा गर्भ राहिल्यास जिवाचा धोका आहे, तिने व तिच्या पतीने आधी डॉक्टरांशी मोकळेपणाने बोलावे.

४. ओझे कोणाचे?

२०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार महाराष्ट्रातील सुमारे निम्म्या विवाहित स्त्रियांचे ऑपरेशन झालेले आहे. पुरुष नसबंदी अर्ध्या टक्क्याहूनही कमी, आणि तीही शस्त्रक्रिया म्हणून अधिक सोपी असताना! ख्रिस्तसभा या दोन्हींची शिफारस करत नाही. परंतु हा आकडा आपल्या घरांविषयी काही सांगतो: निर्णय दोघांचा म्हणायचा, शरीर मात्र तिचे.

नैसर्गिक पद्धत एकट्या स्त्रीला चालवताच येत नाही. तिने वहीत नीट खूण केली आणि नवरा दारू पिऊन घरी आला, तर त्या वहीचा काय उपयोग? बळजबरी झाली, तर ते पद्धतीचे अपयश म्हणू नये. ते प्रेमाचे अपयश आहे.

हा आदर हरवला की नियोजनाची निवडणूक होते: मुलगा ठेवायचा, मुलगी नको. २०११ साली सातारा जिल्ह्यात ‘नकुशा’ नावाच्या २८५ मुलींना नवी नावे दिली गेली. सांगली जिल्ह्यात म्हैसाळला मार्च २०१७ मध्ये बेकायदा गर्भपातात एक विवाहिता दगावली, आणि तपासात ओढ्याकाठी पुरलेले १९ भ्रूण सापडले. कुटुंब लहान ठेवणे हा दोष नाही. जे येईल त्याचे स्वागत न करणे हा दोष आहे.

घरी करण्यासारखे

- आज रात्री दोघांनी मिळून बोला: पुढचे मूल केव्हा, आणि का?
- पतीने विचारावे: माझ्या पत्नीच्या अंगात रक्त किती आहे, हे मला ठाऊक आहे का?
- सासू-सासऱ्यांनी “पाळणा कधी?” हा प्रश्न वर्षभर बाजूला ठेवावा.

याविषयी आम्हांला भेटायचे असल्यास अवश्य या. फक्त दोघांनी मिळून या. मोटारसायकल फाटकाबाहेर सुरक्षित राहील.