शंभर लिटर डिझेलचं ओझं

‘सायलेन्सरला पिशवी बांधा, कार्बन पकडा!’ असं हॉस्टेलच्या कट्ट्यावर कुणीतरी म्हणतंच. मी नागावचा. त्यामुळे माझ्या डोळ्यांसमोर गाडी येत नाही, शेजारच्या आक्षी बंदरातली डिझेलची होडी येते. हिशेब तिचाच करू.

समजा, एका फेरीला १०० लिटर डिझेल लागलं. वजन सुमारे ८३ किलो. त्यात ८६ टक्के कार्बन, म्हणजे ७१ किलो. दर १२ किलो कार्बन हवेतला ३२ किलो ऑक्सिजन उचलून ४४ किलो कार्बन डायऑक्साइड बनवतो. गुणाकार करा, २६० किलो! (फर्स्ट इयरची केमिस्ट्री कुठेतरी कामाला आली म्हणायची.) पिशवी बांधायचीच तर १४४ घनमीटरची लागेल, म्हणजे हॉस्टेलच्या तीन-चार खोल्या.

पकडायची रीत मात्र जुनी आहे. थंड केलेला धूर अमाइनच्या द्रावणातून सोडायचा. ४० अंशांच्या आसपास ते वायू शोषतं, ११०-१२० अंशांना तापवलं की सोडतं. किलोमागे साडेतीन ते चार मेगाज्यूल उष्णता लागते. इंधनाची जवळजवळ तिसरा हिस्सा उष्णता धुराबरोबर फुकट जातेच, त्यामुळे कागदावर हे जेमतेम बसतं. पण डिझेल इंजिन जास्तीची हवा ओढतं, धुरात आपला वायू बहुधा १० टक्क्यांच्या आतच. म्हणजे टॉवर मोठा, आणि तो हलत्या होडीवर! शिवाय वायू दाबून द्रव करायचा तर शक्ती इंजिनाचीच जाणार. ३० किलोचे नऊ सिलिंडर भरतील, आणि लोखंडाचं वजन आतल्या वायूपेक्षा जास्त. मासळी आणि बर्फ ठेवायचा कुठे?

मोठ्या जहाजांचं गणित वेगळं. २०२१ साली ‘कोरोना युटिलिटी’ या जपानी कोळसावाहू जहाजावर छोटा प्रायोगिक प्लांट बसवला, तेव्हा ९९.९ टक्क्यांहून शुद्ध वायू मिळाला. माझ्या मते हे तंत्र जहाजांना आणि एका जागी बसलेल्या जनरेटरना शोभतं, होडीला नाही.

आता साठवण. आपल्या पायाखाली दख्खनचा बेसॉल्ट आहे, काळा कातळ. आइसलंडमध्ये २०१२ साली पाण्यात विरघळवलेला वायू असल्याच खडकात सोडला. त्यातल्या कॅल्शियम-मॅग्नेशियमशी संयोग होऊन दोन वर्षांत ९५ टक्क्यांहून जास्त वायूचा दगड झाला. ऐकायला झकास. पण एका टनाला सुमारे २५ टन पाणी लागतं, आणि नागावच्या सुपारीच्या वाड्या विहिरींवर जगतात. आइसलंडमध्ये समुद्राच्या पाण्यावरही प्रयोग झाले आहेत. कोकणच्या कातळात ते जमतं का, आणि खारं पाणी विहिरीत उतरणार नाही ना, एवढं तपासायला सिव्हिलवाल्यांनी प्रोजेक्ट घ्यावा. मेकॅनिकलचे आम्ही दोघं-तिघं यायला तयार आहोत.