तारेला धडकून माळढोक मेला, तर जबाबदार कोण?



वन्यजीव संरक्षण शिकवताना एखादं मूल हमखास विचारतं, "शिकाऱ्याला शिक्षा होते, मग विजेच्या तारेने पक्षी मेला तर कोणाला?" या प्रश्नाने सर्वोच्च न्यायालयालाही काही वर्षं विचार करायला लावलं.

आधी पक्षी समजून घेऊ. सोलापूरजवळचं नान्नज एके काळी माळढोकसाठी ओळखलं जायचं. आता देशात अंदाजे दीडशेच माळढोक उरलेत, बहुतेक राजस्थानात जैसलमेर भागात. नर 15 किलोपर्यंत भरतो. डोळे डोक्याच्या बाजूला असल्याने समोरचं नीट दिसत नाही. तार दिसते तेव्हा ती अगदी जवळ आलेली असते आणि एवढं जड अंग पटकन वळत नाही. मादी बहुधा वर्षाला एकच अंडं घालते, म्हणून एकेक मृत्यू भारी पडतो.

आता कायदा. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात माळढोक पहिल्या अनुसूचीत आहे. पण कायद्याचा रोख शिकारीवर. वीज कंपनीचा मारण्याचा हेतू नसतो, शिवाय तिच्याकडे परवानगी असते. मग पकडायचं कोणाला?

एम. के. रणजितसिंह यांच्या याचिकेवर 19 एप्रिल 2021 रोजी सरन्यायाधीश शरद बोबडे यांच्या पीठाने आदेश दिला. राजस्थान आणि गुजरातमधल्या माळढोकच्या क्षेत्रात जिथे शक्य असेल तिथे तारा जमिनीखाली घ्या, तोवर पक्ष्यांना लांबून दिसतील अशा चकत्या, म्हणजे बर्ड डायव्हर्टर, तारांवर लावा. खर्चाचा काही भाग नियामकाच्या मंजुरीने ग्राहकांकडून घेण्याची मुभाही ठेवली. म्हणजे जबाबदारीचा एक धागा आपल्या वीजबिलापर्यंत येतो!

पण याच भागात सौरऊर्जेचे मोठे प्रकल्प आहेत. उच्च दाबाच्या सगळ्या तारा जमिनीखाली नेणं व्यवहार्य नाही, असं सरकारचं म्हणणं होतं. मार्च 2024 मध्ये सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड यांच्या पीठाने सरसकट आदेश मागे घेऊन तज्ज्ञ समिती नेमली. डिसेंबर 2025 मध्ये समितीच्या शिफारशी मान्य करताना न्यायालयाने सांगितलं, की कंपन्यांच्या सामाजिक जबाबदारीत पर्यावरणाची जबाबदारी येतेच. आधार होता संविधानाचं कलम 51अ(ग), तेच जे आपण मूलभूत कर्तव्यांमध्ये पाठ करून घेतो.

यात कोणाला शिक्षा झाली नाही, कामं नेमून दिली गेली. मुलांना हेच सांगू या: हेतू वाईट नसला तरी धोका माहीत झाल्यावर उपाय करणं हे कर्तव्य ठरतं. मात्र कर्तव्य कागदावर येईपर्यंत मेलेला पक्षी परत येत नाही.

वर्गात चर्चेसाठी:
1. स्वच्छ वीज आणि माळढोक, दोन्ही हवेत. मग तारा कुठून न्याव्यात?
2. पक्षी वाचवण्यासाठी वीजबिल थोडं वाढलं, तर तुमच्या घरी चालेल का?

दुसरा प्रश्न घरी जेवताना जरूर विचारा. उत्तरं ऐकण्यासारखी असतात.