एकाच रांगेत तीन भाडी

प्रश्न : आम्ही घरचे चौघे पुण्याहून दिल्लीला विमानाने गेलो. शेजारी बसलेल्या मुलाने आमच्यापेक्षा बऱ्याच कमी पैशांत तिकीट काढलं होतं, आणि पलीकडच्या बाईंनी आमच्यापेक्षा जास्त मोजले होते. विमान एक, खुर्च्या सारख्या, पोचायची वेळही एकच. माझी सगळी नोकरी रेल्वेत गेली, पण असा कारभार पाहिला नाही. हे कायद्यात बसतं का? आणि ‘स्वस्त विमान’ म्हणतात त्यात स्वस्त नक्की काय असतं? — एक निवृत्त रेल्वे कर्मचारी, दौंड

उत्तर : कायद्यात बसतं. १९९४ साली हवाई महामंडळांचा जुना कायदा रद्द झाला, तेव्हापासून देशातल्या देशात किती भाडं घ्यायचं हे कंपनीच ठरवते. दर जाहीर करायचे, एवढं बंधन तिच्यावर आहे. सरकारने हात घातला तो अडीअडचणीलाच. कोविडच्या काळात २५ मे २०२० पासून ३१ ऑगस्ट २०२२ पर्यंत किमान आणि कमाल भाडं ठरवून दिलं होतं. डिसेंबर २०२५ मध्ये इंडिगोची हजारो उड्डाणं रद्द झाली आणि उरलेल्या जागांचे भाव आभाळाला भिडले, तेव्हाही अंतरानुसार कमाल मर्यादा आली. पुणे-दिल्ली ज्या टप्प्यात पडतं, त्या १,००० ते १,५०० किलोमीटरसाठी ती १५,००० रुपये होती.

आणि काका, रेल्वेत असा कारभार नाही असं कसं म्हणता? ९ सप्टेंबर २०१६ पासून राजधानी, शताब्दी आणि दुरांतोला फ्लेक्सी भाडं लागलं. दर दहा टक्के जागा भरल्या की भाडं दहा टक्क्यांनी वर, सुरुवातीला दीडपटीपर्यंत. विमान कंपन्या हेच करतात, फक्त त्यांच्या पायऱ्या बऱ्याच जास्त असतात आणि त्या कुठे टांगलेल्या नसतात.

इंडिगोच्या ए-३२० जातीच्या विमानात १८० किंवा १८६ जागा असतात. दिसायला सगळ्या सारख्या, पण संगणकात त्या टप्प्याटप्प्याने विकायला काढलेल्या असतात. तळाच्या भावाच्या थोड्या, त्याच्या वरच्या थोड्या, असं करत शेवटच्या काही जागा अडलेल्या माणसासाठी राखलेल्या. दोन महिने आधी ठरवणारा सहलीला निघालेला असतो, महाग वाटलं तर तो बेत बदलेल. आदल्या रात्री तिकीट शोधणाऱ्याच्या घरी कोणी आजारी असतं किंवा सकाळी मुलाखत असते, तो मागाल ते देतो. तुम्ही मोजता ते खुर्चीचे पैसे नसतात. त्या घडीला किती खुर्च्या उरल्यात आणि तुम्ही किती अडला आहात, याचे ते पैसे असतात. मला हे काही फारसं सज्जनपणाचं वाटत नाही. पण शेजारच्या मुलाला स्वस्त तिकीट मिळालं, ते त्या अडलेल्या माणसाच्या जिवावर, हेही तितकंच खरं.

तुम्ही चौघे होता, म्हणून एक गोष्ट मुद्दाम सांगतो. समजा, तळाच्या भावाच्या दोनच जागा उरल्यात आणि तुम्ही चार तिकिटं एकदम मागितलीत. संगणक साधारणपणे दोन स्वस्त आणि दोन महाग अशी फोड करत नाही, चारही वरच्या भावाने देतो. म्हणून आधी एका प्रवाशाचा भाव बघा, मग दोघांचा, मग चौघांचा. मधेच आकडा उडी मारत असेल तर तिकिटं दोन हप्त्यांत काढा. लहान मूल बरोबर असेल तर मात्र त्याचं आणि आई किंवा वडिलांचं तिकीट एकाच पीएनआरवर ठेवा. बारा वर्षांपर्यंतच्या मुलाला त्याच पीएनआरवरच्या पालकाशेजारी बसवावं, असं विमान वाहतूक नियामक डीजीसीएने २०२४ मध्ये कंपन्यांना बजावलं आहे.

आता स्वस्त काय असतं ते. आपल्याकडे हा प्रकार कॅप्टन गोपीनाथ यांच्या एअर डेक्कनने २००३ साली आणला. एक रुपयाच्या तिकिटाची जाहिरात अजून कित्येकांच्या लक्षात असेल. त्यामागे दानधर्म नव्हता, युक्ती होती. जेवण नाही, खुर्च्या दाटीवाटीच्या, आणि उतरलेलं विमान अर्ध्या तासाच्या आसपास पुन्हा हवेत, कारण जमिनीवर उभं विमान कमावत नाही. २००५ मध्ये स्पाइसजेट आली, २००६ मध्ये इंडिगो. डेक्कन किंगफिशरच्या पोटात गेली आणि किंगफिशर २०१२ मध्ये बंद पडली. गो फर्स्टने मे २०२३ मध्ये मान टाकली. तळाचा भाव देऊन तगून राहणं भल्याभल्यांना जमलेलं नाही, म्हणून आताच्या कंपन्या मूळ तिकीट खाली ठेवतात आणि बाकी प्रत्येक गोष्टीचे वेगळे पैसे लावतात. चार आण्याची कोंबडी, बारा आण्याचा मसाला.

तिकिटाची पावती एकदा नीट उलगडून बघा. मूळ भाडं, विमानतळाचं वापरशुल्क, सुरक्षाशुल्क, इकॉनॉमीवर पाच टक्के जीएसटी, आणि संकेतस्थळाने लावलेली ‘कन्व्हीनियन्स फी’. ही शेवटची फी माणशी आणि प्रत्येक फेरीला लागते, म्हणजे चौघांच्या जाण्यायेण्याला आठदा. त्यावर खुर्ची, खाणं, जादा सामान. हे सगळं तुम्ही स्वतः मागितलं तरच लावायचं, आधीच खूण करून ठेवायचं नाही, असा नियम आहे. तरी पैसे भरण्यापूर्वी प्रत्येक चौकट वाचा. ‘चेक-इन सामान नाही’ अशा अटीचं सगळ्यात स्वस्त तिकीटही हल्ली मिळतं. एअर इंडिया एक्स्प्रेसने ते २०२४ मध्ये आणलं. एकटा मुलगा दोन दिवसांसाठी जात असेल तर उत्तम. पण जाताना हात मोकळे आणि येताना लेकीने दिलेल्या पिशव्या असतील, तर काउंटरवर तो स्वस्तपणा निघून जातो.

तिकीट रद्द केलं आणि ‘परतावा नाही’ असं उत्तर आलं, तरी गप्प बसू नका. अगदी सवलतीच्या तिकिटावरही सरकारी कर आणि विमानतळाचं शुल्क परत द्यावंच लागतं. मूळ भाडं आणि इंधन अधिभार यांच्या बेरजेपेक्षा जास्त रद्दशुल्क कापता येत नाही. तिकीट एजंटाकडून काढलं असलं, तरी परताव्याची जबाबदारी कंपनीचीच असते. दाद लागली नाही, तर सरकारच्या ‘एअरसेवा’वर तक्रार नोंदवता येते.

प्रश्न : तिकीट काढताना ‘लवकर बोर्डिंग’साठी वेगळे पैसे मागतात. सगळ्यात आधी चढून फायदा काय? — रांजणगाव एमआयडीसीत नोकरी करणारे एक वाचक, शिरूर

उत्तर : एसटी फलाटाला लागते न लागते तोच खिडकीतून रुमाल टाकायची आपल्याला सवय, म्हणून हे विकलं जातं. विमानात तुमचा खुर्चीक्रमांक बोर्डिंग पासवर छापलेला असतो. पहिले चढा नाहीतर शेवटचे, १८-सी ती १८-सीच.

पुण्यात तर याची आणखीच गंमत होते. लोहगावला नवं टर्मिनल जुलै २०२४ मध्ये सुरू झालं, त्याला थेट विमानात नेणारे पूलही आहेत. तरी बऱ्याच विमानांपर्यंत अजून बसनेच जावं लागतं. जादा पैसे भरलेला माणूस ऐटीत आधी बसमध्ये चढतो आणि मागून येणाऱ्यांच्या रेट्याने पार आत सरकतो. शेवटी धापा टाकत आलेला दाराशी लोंबकळतो आणि विमानापाशी तोच आधी उतरतो. पुढची आणि मागची, दोन्ही दारं उघडलेली असली तर कोण आधी चढलं याला काही अर्थच उरत नाही.

फायदा एकच, डोक्यावरच्या कप्प्यात बॅगेला जागा मिळते. नाही मिळाली तर बॅग चार रांगा मागे जाते, इतकंच. वयस्कर किंवा पायाने अधू माणूस बरोबर असेल तर तिकीट काढतानाच चाकाच्या खुर्चीची नोंद करा. त्यांना तसंही आधी नेतात.

परदेशात गणित वेगळं असतं. अमेरिकेतली साउथवेस्ट कंपनी १९७१ पासून जानेवारी २०२६ पर्यंत खुर्चीक्रमांकच देत नव्हती. जो आधी चढेल त्याची खिडकी. तिथे लोक लवकर चढायला पैसे मोजत, आणि ते शहाणपणाचंही होतं. युरोपात रायनएअर ‘प्रायोरिटी’ विकते, त्यात दुसरी हातबॅग आत नेता येते. तुमचा मुलगा आयर्लंडमध्ये शिकत असेल आणि त्याने त्यासाठी पैसे भरले, तर त्याला रागावू नका.

खुर्ची निवडण्याचं म्हणाल, तर वेब चेक-इनच्या नकाशात बहुतेक चौकोनांवर किंमत दिसते आणि न भरता पुढे जाता येणार नाही असं वाटायला लागतं. जाता येतं. ‘वगळा’ अशा अर्थाचं बारीक अक्षरातलं बटण कुठेतरी कोपऱ्यात असतं. मग कंपनी उरलेली कुठलीतरी खुर्ची फुकट देते, बहुधा मधली. दीड-दोन तासांसाठी मला ती चालते. सहा फुटी माणसाने पैसे भरावेत.

प्रश्न : मॉलमध्ये एका मुलाने विमान कंपनीचं क्रेडिट कार्ड गळ्यात मारायचा प्रयत्न केला. ‘खर्च करा आणि फुकट उडा’ म्हणत होता. घ्यावं का? — एक शिक्षिका, शिरूर

उत्तर : आवळा देऊन कोहळा काढणं म्हणतात, ते हे. अमेरिकन एअरलाइन्सने १९८१ मध्ये नेहमीच्या गिऱ्हाइकाला बांधून ठेवायला मैल मोजायची योजना काढली. पुढे हेच मैल बँकांना विकता येतात हे कंपन्यांच्या लक्षात आलं, आणि ते इतकं किफायतशीर निघालं की २०२० मध्ये विमानं जमिनीवर असताना युनायटेडने आपली पॉइंटांची योजना तारण ठेवून अब्जावधी डॉलर उभे केले. आपल्याकडे एअर इंडियाचा महाराजा क्लब आहे, इंडिगोने २०२४ मध्ये ब्लूचिप आणलं. आता बहुतेक ठिकाणी अंतर मोजत नाहीत, तुम्ही किती रुपये खर्चले ते मोजतात.

पॉइंट म्हणजे पैसेच, फक्त त्यांचा भाव कंपनी ठरवते आणि तुम्हाला न विचारता बदलते. म्हणून हिशेब स्वतः करावा. समजा, एक तिकीट रोख ५,००० रुपयांना आहे आणि पॉइंटांवर घ्यायचं तर ८,००० पॉइंट लागतात. शिवाय कर आणि शुल्काचे ९०० रुपये रोख भरायचे, कारण ‘फुकट’ तिकिटावरही ते सहसा सुटत नाहीत. म्हणजे ८,००० पॉइंटांनी तुमचे ४,१०० रुपये वाचले. एक पॉइंट झाला साधारण ५१ पैशांचा. कार्ड शंभर रुपयांना दोन पॉइंट देत असेल, तर शंभराला रुपयाभर सुटला. कार्डाची वार्षिक फी १,५०० असेल, तर वर्षाला दीड लाखाच्या आसपास खर्च होईपर्यंत तुम्ही फक्त फीच फेडत असता. त्यात पेट्रोल, घरभाडं, विमा यांवर पॉइंट द्यायचे नाहीत अशी कलमं असतात. एखाद्या महिन्याचं बिल थकलं की तीन-साडेतीन टक्के व्याज, तेही महिन्याला. वर्षभराचे पॉइंट त्या एका बिलात जातात.

वर्षातून एकदा गोव्याला जाणाऱ्याने या कार्डाच्या वाटेला जाऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे. कंपनीच्या कामासाठी महिन्यातून दोनदा बेंगळुरू-दिल्ली करणाऱ्याने घ्यावं. तिकिटाचे पैसे कंपनीचे आणि पॉइंट बहुतेक ठिकाणी त्याच्या खात्यात, म्हणजे खरोखर फुकट. साठले की लगेच वापरा. किंगफिशर बुडाली तेव्हा लोकांच्या खात्यातले पॉइंटही तिच्याबरोबर बुडाले.

प्रश्न : एकच तिकीट चार वेळा शोधलं की भाव वाढतो म्हणतात. खरं का? आणि आम्हाला पुणे सोयीचं की मुंबई? — एक विद्यार्थिनी, दौंड

उत्तर : तुम्ही बघितलंत म्हणून भाव वाढला असं वाटतं, पण तेवढ्यात तळाच्या जागा संपलेल्या असतात. काही संकेतस्थळं मघाचाच भाव दाखवत राहतात आणि पैसे भरायला गेलं की नवा आकडा पुढे करतात.

पुणे की मुंबई, हे तिकिटाकडे बघून ठरवू नका, दौंडच्या दारापासून मोजा. लोहगाव हा हवाई दलाचा तळ. धावपट्टी त्यांची, तिथे नागरी विमानांना वेळा मोजक्या मिळतात. त्यामुळे स्वस्त तिकीट पुष्कळदा अपरात्रीचं असतं. पहाटे पाचच्या विमानासाठी काउंटर चारला बंद होतो, म्हणजे दौंडहून एकच्या सुमारास निघायचं. त्या वेळेला लोकल नाही. पाटस, यवत, उरुळी कांचन करत थेऊर फाट्यावरून केसनंद-वाघोलीने लोहगावला जायचं तर गाडी ठरवावी लागते. तिकिटात वाचलेले पैसे त्या गाडीवाल्याला जातात. शिरूरकरांना सरळ नगर रस्ता, पण दिवसाचं विमान असेल तर शिक्रापूर आणि वाघोलीच्या कोंडीसाठी तास-दीड तास हाताशी ठेवावा. एकटीच असाल आणि दिवसाचं विमान असेल, तर रेल्वेने पुणे स्टेशन आणि तिथून रिक्षा, हे गाडी ठरवण्यापेक्षा स्वस्त पडतं. डिसेंबर २०२५ पासून नवी मुंबईचा विमानतळ सुरू झाला आहे. पुण्याचा भाव फारच चढला असेल तर तोही बघावा, पण द्रुतगती मार्गाचा टोल धरून. आणि दिल्लीलाच जायचं असेल तर झेलम एक्स्प्रेस दौंडवरूनच जाते. तिला दिवसापेक्षा जास्त लागतो, पण सामानाचं वजन कोणी करत नाही.

प्रश्न : आईच्या आधारवर आडनाव आधी आहे, तिकिटावर शेवटी. अडवतील का? — शिरूर

उत्तर : नुसता क्रम उलटा असेल तर सहसा अडवत नाहीत, अक्षरं वेगळी असतील तर अडवू शकतात. लग्नाआधीचं नाव एका कागदावर आणि नंतरचं दुसऱ्यावर, हा घोळ आपल्याकडे फार. तिकिटावर तेच नाव घाला जे दारावर दाखवायच्या ओळखपत्रावर आहे. तिकीट थेट कंपनीच्या संकेतस्थळावरून काढलं असेल आणि चूक २४ तासांत कळवली, तर त्याच माणसाचं नाव दुरुस्त करायला पैसे घेता येत नाहीत. एका माणसाचं तिकीट दुसऱ्याच्या नावावर मात्र होत नाही. एजंटाकडे गेलात तर पैसे देण्याआधी त्याच्या स्क्रीनवरचं स्पेलिंग स्वतः वाचा.